मुरुडच्या हवेत एकवीस दिवस

लातूरहून बार्शीकडे जाताना लागतं ते आपलं मुरुड. समुद्रकाठच्या जंजिऱ्याच्या मुरुडशी त्याचं फक्त नाव जुळतं. तिकडची हवा दमट, आपली कोरडी, आणि घरी अंडी उबवायला घेतली की हा फरक पहिल्याच खेपेला जाणवतो. मशिनसोबतचं माहितीपत्रक सांगतं: तापमान ३७.५ अंश, आर्द्रता ५० ते ५५ टक्के, मुदत २१ दिवस. आकडे बरोबर आहेत. पण ते पेटीच्या आतले आहेत, आणि पेटी ठेवायची असते मराठवाड्यातल्या खोलीत.

मशिन घेण्याआधी खुडूक कोंबडी काय करते ते नीट पाहावं. तिच्या पोटावरची पिसं झडतात आणि उघडी, गरम कातडी थेट अंड्यांना टेकते. चोचीनं ती अंडी सतत फिरवत राहते. दिवसातून एखाद्या वेळी उठते, दाणे टिपते, मातीत लोळते आणि परत येऊन बसते. तेवढ्या वेळात अंडी थोडी गार होतात, त्यानं काही बिघडत नाही. पेटीतला हीटर, पंखा आणि फिरता ट्रे एवढंच काम करतात. मग कोंबडीच का नको? कारण एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी मावतात, आणि खुडूक बसल्यापासून पिल्लं मोठी होईपर्यंत ती पुन्हा अंड्यावर येत नाही. मशिन असलं की ती लवकर मोकळी होते. शिवाय गिरीराज, वनराजसारख्या सुधारित कोंबड्यांमध्ये खुडूक बसण्याची सवय फारशी उरलेली नाही. त्यांची अंडी कुणीतरी उबवावीच लागतात.

ही विद्या जुनी आहे. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकावेळी उबवत. फ्रान्सच्या रेओम्यूरनं तिच्यावर १७४९ मध्ये पुस्तक लिहिलं. त्या भट्टीवाल्यांकडे थर्मामीटर नव्हता. अंडं पापणीला लावून ते ऊब ओळखत.

आता आपल्या हवेचं बघू. इनक्युबेटर तापवू शकतो, थंड करू शकत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पारा ४१ वर असेल, तर हीटर बंद असतानाही पेटी ३७.५ वर येणार नाही. आणि गर्भाला गारव्यापेक्षा उष्णतेचा धोका कितीतरी जास्त. दोन-तीन तास लाईट गेली आणि अंडी गार पडली, तर पिल्लं उशिरा निघतात, बहुतेक वाचतात. पेटी काही तास ४० च्या वर राहिली, तर अख्खी खेप जाऊ शकते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की आपल्याकडे दसऱ्यापासून शिवरात्रीपर्यंतच घरगुती मशिन लावावं. थंडीत लाईट गेली तर पेटीवर गोधडी टाकता येते, फक्त हवेची भोकं उघडी ठेवायची. उन्हाळ्यावर असा सोपा उतारा नाही.

पाण्याचा हिशोब मात्र थंडीतच फसवतो. खोलीत २० अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा पेटीत ३७.५ पर्यंत तापल्यावर तिची आर्द्रता जेमतेम १४-१५ टक्के उरते. उलट श्रावणात २८ अंश आणि ८० टक्क्यांची हवा पेटीत गेली, की ४७ टक्क्यांच्या आसपास आपोआप राहते. तेव्हा पहिले अठरा दिवस पाणी जवळपास लागतच नाही. थंडीत वाटीभर खोल पाण्यापेक्षा पसरट ताटलीतलं पाणी जास्त उपयोगी, कारण वाफ पृष्ठभागावरून होते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण १२-१३ टक्क्यांनी घटायला हवं. वजनकाटा असेल तर आर्द्रतेच्या मीटरपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवावा.

अंडी निवडताना घाई नको. दुकानातली पांढरी अंडी लावून उपयोग नाही. लेअर फार्मवर कोंबडा नसतो. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असलेल्या कळपातली, सात दिवसांच्या आतली, न धुतलेली अंडी घ्यावीत. धुतलं की कवचावरचा संरक्षक थर जातो. उन्हाच्या दिवसांत जमवलेली अंडी ओल्या वाळूवर ठेवलेल्या माठात ठेवावीत, नाहीतर आतला गर्भ अर्धवट वाढून तिथंच मरतो. अंडी आणण्यापूर्वी त्या कळपात मर नाही ना, ते विचारावं. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात बर्ड फ्लूनं कोंबड्या मेल्या. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे पडले, तेव्हाही कारण तेच निघालं.

सातव्या रात्री खोलीत अंधार करून अंड्याच्या जाड टोकाला बॅटरी लावावी. चांगल्या अंड्यात एक गडद ठिपका आणि त्याच्याभोवती लाल शिरांचं कोळ्यासारखं जाळं दिसतं. ठिपका क्षणभर हललेलाही दिसतो. नुसतं पिवळसर, स्वच्छ दिसलं तर ते वांझ. रक्ताचं कडं दिसलं तर गर्भ मेलेला. अशी अंडी काढून टाकावीत, ती आत नासून फुटली तर शेजारच्यांनाही बाधतात.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवायचं, आर्द्रता ६५-७० वर न्यायची आणि झाकणाला हात लावायचा नाही. पिल्लू आधी आतल्या हवेच्या पोकळीत चोच खुपसून पहिला श्वास घेतं. मग कवचातून चिवचिव ऐकू येते. चोचीवरच्या टणक कण्यानं ते कवचाला टोचा पाडतं आणि तिथं थांबतं. बारा तास, कधी त्याहून जास्त. या वेळात उरलेला बलक त्याच्या पोटात ओढला जात असतो आणि पडद्यातलं रक्त आटत असतं. मदत म्हणून कवच सोललं तर रक्त वाहतं. झाकण उघडलं तर वाफ निघून जाते, पडदा वाळतो आणि पिल्लू त्यातच अडकतं. पोटातल्या त्या बलकावर ते दोन दिवस दाण्यापाण्याविना राहू शकतं, म्हणून पिसं वाळेपर्यंत त्याला आतच राहू द्यावं.

पुढे पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पिल्लं बल्बखाली गर्दी करत असतील तर थंडी वाजतेय, कडेला पळून चोच वासून बसली असतील तर उकडतंय. भाऊबीजेनंतर लावलेली खेप येळवशीला पाच आठवड्यांची होते आणि बल्ब बहुतेक काढता येतो.

मानमोडीचं, म्हणजे राणीखेतचं, लासोटा लसीकरण पाचव्या ते सातव्या दिवसात डोळ्यात किंवा नाकात थेंब घालून करायचं. बाटली किमान शंभर पिल्लांची येते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. घरची पिल्लं वीस-पंचवीस. म्हणून गल्लीतल्या चार घरांनी मशिनं एकाच आठवड्यात लावावीत आणि बाटली बर्फात ठेवून एकाच सकाळी सगळ्यांच्या पिल्लांना थेंब द्यावेत.