तीनशेपैकी सहा अक्षरं

हॉजकिन लिम्फोमाच्या रुग्णाच्या मानेतल्या गाठीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर शंभर पेशींत कर्करोगाची जेमतेम एखादी सापडते. बाकीच्या सगळ्या तिच्याभोवती गोळा झालेल्या निरोगी पेशी. ती एखादी मात्र लगेच नजरेत भरते. अंगाने दांडगी, आणि आत दोन केंद्रकं, घुबडाच्या डोळ्यांसारखी रोखलेली. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये लंडनला सात रुग्णांच्या नोंदींवरून हा आजार मांडला. पण ही पेशी मुळात कोणत्या कुळातली, हे कळायला १९९४ साल उजाडावं लागलं. तब्बल १६२ वर्षं!

उत्तर प्रतिपिंडाच्या, म्हणजे जंतूला धरणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकात होतं. माणसाकडे प्रथिनं घडवणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास, आणि प्रतिपिंडांचे प्रकार मात्र अब्जावधी. हे कसं जमतं, ते सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये उलगडलं आणि १९८७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. प्रतिपिंडं बनवणारी प्रत्येक बी-पेशी हे जनुक तुकडे जोडून स्वतःच तयार करते. प्रतिपिंडाच्या जड साखळीसाठी सुमारे ४० 'व्ही', २३ 'डी' आणि ६ 'जे' तुकडे, म्हणजे ५,५२० जोडण्या. हलक्या साखळीच्या साधारण ३२०. गुणाकार केला की साडेसतरा लाखांच्या वर! त्यात सांध्यांवर डीएनएची अक्षरं वाटेल तशी घातली-गाळली जातात, आणि आकडा अब्जांच्याही पलीकडे जातो. एकदा झालेली जोडणी त्या पेशीच्या साऱ्या वंशात उतरते.

खरी कमाल यापुढे आहे. जंतूची चाहूल लागली की बी-पेशी लसिका ग्रंथीतल्या 'जर्मिनल सेंटर'मध्ये शिरतात आणि याच जनुकात मुद्दाम चुका करू लागतात. एरवी डीएनएची नक्कल करताना शंभर कोटी अक्षरांत फार तर एखादी चूक राहते. तीनशे पानी दोन हजार पुस्तकं हाताने उतरवावीत आणि एकच अक्षर चुकावं, तसं. इथे मात्र हजार अक्षरांमागे एक, म्हणजे पहिलं पान संपायच्या आतच. वेग दहा लाख पट! ज्या पेशीची चूक जंतूला अधिक घट्ट धरते ती टिकते, बाकीच्या मरतात.

ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांचे अभ्यासक पाठभेदांवरून कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली ते ताडतात. इथेही तसंच. चुका दिसल्या, तर पेशी जर्मिनल सेंटरमधून आलेली. मँटल सेल लिम्फोमाचं पान बहुतेक वेळा कोरं असतं. फॉलिक्युलर लिम्फोमात एकाच गाठीत नव्या चुकांची भर पडतच राहते.

हॉजकिन लिम्फोमात अडचण होती ती ९९ निरोगी पेशींची. कोलोनमधल्या राल्फ क्युपर्स, क्लाउस रायेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापातून एकेक दांडगी पेशी वेचून काढली. एका पेशीतलं डीएनए किती? एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करा, त्यातले सहा-सात. पीसीआर या नकला काढण्याच्या तंत्राने त्यातला हवा तो भाग दर फेरीत दुप्पट होतो. तीस फेऱ्यांत, सगळं नीट झालं तर, एकाचे १०७ कोटी. अक्षरं वाचली, प्रतिपिंडाचं जनुक जोडलेलं निघालं आणि कूळ लागलं: बी-पेशी. १९९६ मध्ये पुढचा उलगडा झाला. सुमारे चौथाई रुग्णांत या चुकांनी जनुक पार मोडलेलं, मधेच पूर्णविराम पडलेला. अशी पेशी जर्मिनल सेंटरमध्ये मरायलाच हवी. ती मेली नाही, आणि तिथूनच आजार सुरू झाला.

हे सगळं केवळ वंशावळीचं कुतूहल नाही. सीएलएल या रक्ताच्या कर्करोगात 'व्ही' तुकड्यातली अक्षरं मूळ जनुकाशी ताडून पाहतात. तुकडा जवळपास तीनशे अक्षरांचा, आणि सीमारेषा दोन टक्क्यांची, म्हणजे सहा अक्षरांची: त्याहून कमी बदल, तर जनुक 'न बदललेलं'. टेरी हॅम्ब्लिन यांच्या गटाने १९९९ मध्ये पहिल्या टप्प्यातल्या रुग्णांचे आकडे दिले. आजची औषधं तेव्हा नव्हती. ज्यांचं जनुक न बदललेलं होतं, त्यांचं मध्यक आयुष्य ९५ महिने. बदललेल्यांचं २९३.