‘गॅसची गोळी’ : शब्दाची व्याप्ती आणि औषधाची मर्यादा

परभाषेतून आलेला शब्द रूढ होताना जुन्या शब्दांनी जपलेले अर्थभेद पुष्कळदा पुसून टाकतो. ‘गॅस’ हा शब्द याचे चांगले उदाहरण होय. सतराव्या शतकात व्हान हेल्मॉन्ट या फ्लेमिश शास्त्रज्ञाने ग्रीक ‘खाओस’ या शब्दावरून तो घडविला. आज मराठीत तो प्रयोगशाळेतील द्रव्य, स्वयंपाकाचे इंधन आणि पोटाची व्यथा अशा तिन्ही अर्थांनी वावरतो.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात मराठीसोबत हिंदी, पोवारी, गोंडी आणि छत्तीसगढी या भाषा-बोली नांदतात. अशा बहुभाषिक प्रदेशात औषधांच्या दुकानी सर्वांना समजेल असा एक शब्द सोयीचा असतो, आणि ‘गॅस’ ती सोय पुरवितो. परंतु या सोयीचे मोल काय पडते, हे पाहणे अगत्याचे आहे.

मराठीत या तक्रारींसाठी निरनिराळे शब्द आहेत. पोटात गुबारा धरणे म्हणजे वायू साचणे. तडस लागणे म्हणजे अतिभोजनाने पोट ताणले जाणे. करपट ढेकर, घशाशी येणे आणि जळजळ ही आम्लाची लक्षणे. वैद्यकाच्या संस्कृत परिभाषेतही आध्मान व अम्लपित्त यांत भेद केलेला आहे. ‘गॅस झाला’ या एका वाक्यात हे सारे एकवटले आहे.

औषधांच्या बाबतीत मात्र भेद कायम राहतो. वायूवरील खरे औषध सिमेथिकोन हे होय. ते सिलिकॉनजन्य तैलद्रव्य व सिलिका यांचे मिश्रण असून ते बुडबुड्यांचा पृष्ठताण कमी करते. त्यामुळे फेसातील लहान बुडबुडे फुटून एकत्र येतात व वायू ढेकरेवाटे किंवा अधोमार्गे बाहेर पडणे सुकर होते. ते रक्तात शोषले जात नाही. वायूची उत्पत्तीही ते थांबवीत नाही. दुकानात ‘गॅसची गोळी’ म्हणून पुष्कळदा मिळते ती पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारखी आम्लस्राव कमी करणारी गोळी. जळजळीवर ती गुणकारी ठरते. आतड्यांत साचलेल्या वायूशी तिचा प्रत्यक्ष संबंध नाही. पाण्यात फसफसणारी खाण्याच्या सोड्याची चूर्णे तर आम्लाचे उदासिनीकरण करताना स्वतःच कार्बन डायऑक्साइड निर्माण करतात; त्यानंतर येणारी ढेकर ही बव्हंशी त्याच वायूची असते.

वायू मुख्यतः दोन मार्गांनी येतो : गिळलेली हवा आणि मोठ्या आतड्यातील जिवाणूंनी केलेले किण्वन. कडधान्यांतील रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा मानवी पाचकरसांना तोडता येत नाहीत. त्या जिवाणूंच्या वाट्याला जातात व हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या पोटात मिथेन तयार होतो. भिजविल्याने आणि ते पाणी टाकून दिल्याने या शर्करांचा अंश घटतो. गोंदियाच्या धानपट्ट्यात उभ्या धानात पेरल्या जाणाऱ्या लाखोळीच्या बाबतीत या रीतीचा आणखी एक लाभ आहे : तिच्यातील मज्जासंस्थेस अपायकारक द्रव्यही अंशतः निघून जाते. वातूळ पदार्थांत हिंग, ओवा घालण्याची घरोघरची रीत आणि आयुर्वेदातील हिंग्वष्टक चूर्ण यांमागेही वायूला वाट करून देण्याचीच कल्पना आहे.

शब्दाच्या अतिव्याप्तीचा खरा धोका मात्र पोटापलीकडचा आहे. हृदयविकाराच्या झटक्यात छातीच्या मध्यभागी किंवा पोटाच्या वरच्या भागी दडपण जाणवते, घाम सुटतो, धाप लागते, वेदना हाताकडे वा जबड्याकडे पसरते. स्त्रिया व मधुमेही यांच्यात ही लक्षणे अस्पष्टही असू शकतात. त्यास ‘गॅस’ म्हटले की उपाय गोळीपाशी थांबतो आणि मोलाचा वेळ निघून जातो. तसेच आठवडेच्या आठवडे टिकणारी फुगी, घटते वजन, शौचातून रक्त अथवा मल व वायू दोन्ही कोंडणे यांचे कारण वैद्याकडूनच तपासून घेतले पाहिजे.

सारांश, नाव एक झाले म्हणून व्याधी एक होत नाही. रुग्णाने ‘गॅस’ न म्हणता कोठे, केव्हा आणि कसे होते ते आपल्या बोलीत सांगावे, आणि ऐकणाऱ्याने ती बोली जाणावी. जिल्ह्यातील बोलींत शरीरव्यथांचे जे शब्द आजही जिवंत आहेत, त्यांचा संग्रह करणे हे म्हणूनच भाषाभ्यासाइतकेच लोकारोग्याचेही कार्य ठरेल.