फी माफ, पण कराचे काय?

पुण्यातील अनेक खासगी शाळा आपल्या शिक्षक, लिपिक आणि शिपायांच्या मुलांना फीमध्ये सवलत देतात. प्राप्तिकर कायदा या सवलतीला पगाराचाच भाग मानतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतचे नियम असे :

● मोजणी : प्राप्तिकर नियम १९६२ मधील नियम ३(५). शाळा संस्थेचीच असेल, तर परिसरातील तशाच शाळेत येणारा खर्च धरतात. कर्मचाऱ्याने भरलेली फी त्यातून वजा होते.

● सूट : दरमहा प्रति मूल १,००० रुपयांपर्यंत कर नाही. मुलांच्या संख्येवर बंधन नाही; मात्र आश्रित भावंडांना ही सूट मिळत नाही.

● मर्यादा ओलांडल्यास : दिल्ली पब्लिक स्कूल प्रकरणात २०११ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने पूर्ण रक्कम करपात्र ठरवली, पहिले १,००० रुपयेही वगळले नाहीत.

● उदाहरण : कोथरूडमध्ये तशा शाळेची फी महिना ४,००० रुपये आहे आणि कर्मचारी १,००० रुपये भरतो, असे समजा. ३,००० रुपयांच्या लाभाने वर्षाला ३६,००० रुपये उत्पन्नात मिळवले जातात.

● ८०सी : जुन्या करप्रणालीत वजावट प्रत्यक्ष भरलेल्या शिक्षण शुल्काचीच; माफ झालेल्या फीची नाही.

● शाळेची जबाबदारी : पगारातून टीडीएस कापताना हा लाभ धरणे.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू होतो. त्यामुळे विवरणपत्र भरण्यापूर्वी त्या वर्षाची मर्यादा तपासा आणि फॉर्म १६ मध्ये सवलतीची नोंद आहे का, हे शाळेच्या लेखा विभागाला जरूर विचारा.