दोनशे फूट

"फोटो मामांचा आहे, मी नुसतं बटण दाबलं," असं एक छायाचित्रकार मैत्रीण म्हणाली, तेव्हा मला तो तिचा विनय वाटला. फोटो ऑस्प्रे या मासेमार पक्ष्याचा होता: पंजात चिलापी मासा, पंख पूर्ण पसरलेले, नजर समोर. मामा म्हणजे तिचे नावाडी. त्यांचा वाटा नेमका किती, हे पाहायला मी तिच्याबरोबर भिगवणजवळच्या कुंभारगावला गेलो.

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि मागे कुंभारगावापर्यंत पसरलेल्या पाण्यात गावं, मळे, रस्ते गेले. मामांच्या वडिलांचं शेतही गेलं. त्या शेताचे बांध पाण्याखाली कुठे आहेत, हे मामांना आजही ठाऊक आहे आणि मैत्रिणीचा फोटो तिथूनच सुरू होतो. ऑस्प्रे फार खोल जात नाही. पाय पुढे करून सूर मारतो, तो जेमतेम मीटरभर. म्हणजे मासा वरच्या थरात हवा. बांधावरच्या उथळ पाण्यात चिलापी येते आणि तिच्यामागे हिवाळ्यात उत्तरेकडून आलेला हा पाहुणा येतो. जाळ्यांसाठी रोवलेल्या बांबूवर तो तासन्‌तास बसतो.

अशाच एका बांबूवर तो बसलेला दिसला आणि मामांनी वल्हं थांबवलं. "दोनशे फूट. याच्या आत नाय."

नाव त्यांनी अशी आडवी धरली की सूर्य आमच्या पाठीशी आणि वाराही पाठीशी. मोठा पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उडी घेतो. तो आपणहून निघाला तर आमच्याच दिशेनं येणार आणि ऊन त्याच्या छातीवर पडणार. तेवढ्यात दुसरी एक नाव इंजिनाचा आवाज करत थेट बांबूकडे गेली. ऑस्प्रे उडाला, कॅमेरे कडकडले. सगळ्यांना मिळाली असणार ती त्याची पाठ. "भ्यालेला पक्षी तोंड दाखवतो व्हय?" मामा म्हणाले. थंडीत जगून पुन्हा उत्तरेला जायचं असलेल्या पक्ष्याला असं सकाळभर उठवत राहणं मला क्रूर वाटतं. त्याचं बळ मासे पकडण्यासाठी आहे.

बऱ्याच वेळानं तो परतला, घिरट्या घातल्या, हवेत एका जागी फडफडत थांबला आणि कोसळला. मैत्रिणीनं शटर आधीच १/३२०० सेकंदावर ठेवलं होतं. उजळ आकाशापुढे पंखांची खालची बाजू काळी पडू नये म्हणून एक्स्पोजर थोडं वाढवलेलं. पाण्यातून वर आल्यावर त्यानं मासा पंजात फिरवून डोकं पुढे घेतलं. हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून तो मासा असाच नेतो. त्याचं बाहेरचं बोट मागे वळू शकतं, तळव्यांना खरबरीत काटे असतात. बुळबुळीत चिलापी निसटत नाही.

संध्याकाळी लॅपटॉपवर शेकडो फ्रेम. कॅमेरा सेकंदाला वीस टिपतो, त्यामुळे खरं काम टाकून देण्याचं. एकीत डोळ्यावर पातळ पडदा आलेला, एकीत पंख चेहऱ्यावर. उरलेल्या एका फ्रेममध्ये पक्षी लहान होता, कारण मामांचे दोनशे फूट. तिनं ती कापून पक्षी मोठा केला, वाढलेले दाणे हलकेच कमी केले, पांढऱ्या डोक्यावरचा उजेड उतरवला. शार्पनिंग तिनं डोळा आणि पंजापुरतंच ठेवलं. जास्त झालं की पिसांभोवती पांढरी कड उठते.

कोपऱ्यात बांबूचं टोक आलं होतं. एका क्लिकनं ते पुसता आलं असतं. तिनं ठेवलं. 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत चित्रातली वस्तू काढणं किंवा घालणं चालत नाही, पण तिचं कारण वेगळं होतं: ऑस्प्रे इथं मच्छीमारांच्या बांबूंवर जगतो, मग बांबू काढून कुठलं अरण्य दाखवायचं?

आता अडचण पैशाची आहे. जवळ नेणाऱ्या नावेला गिऱ्हाईक पटकन मिळतं. दोनशे फुटांवर थांबणाऱ्याला "काहीच दिसलं नाही" हे ऐकावं लागतं. हा हिशेब नावाड्यांनी एकट्यानं बदलावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांनी नाव ठरवतानाच सांगावं की पक्षी उठवायचा नाही, आणि तो दिवसभर बांबूवरून हललाच नाही तरी मामांच्या हातावर ठरलेले पूर्ण पैसे ठेवावेत.