प्लगवरची राख

बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा एक जुना थर आहे. पार सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीशी त्याचं नातं जोडलं जातं. मूठभर राखेवरून अभ्यासक एवढ्या लांबचा माग काढतात. आमच्या जुन्या मारुती व्हॅनचे प्लग काढायला बसलो की मला ही राख आठवते. इंजिनात काय बिघडलंय तेही राखेवरूनच कळतं.

ही व्हॅन 1984 साली आली, पुढे ओम्नी म्हणून ओळखली गेली आणि 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तीन सिलिंडरचं 796 सीसी इंजिन पुढच्या सीटखाली, ओढ मागच्या चाकांना आणि मागे पाटे. कांद्याच्या गोण्या, टोमॅटोची क्रेट, शाळेची पोरं, सगळं तिनं वाहिलं. अशा गाडीवर पैसा वाया जातो तो बहुतेक अंदाजाने पार्ट बदलण्यात. म्हणून आधी लक्षण ओळखायचं, मगच पाना हातात घ्यायचा.

एकदा सकाळी कांदा भरून आळेफाट्याला निघालो, तर सेल्फ मारला की नुसतं टिकटिक. ‘बॅटरी गेली, नवी टाका,’ असं दोघांनी सांगितलं. झाकण उचललं तर टर्मिनलवर हिरवट पांढरी भुकटी साचलेली. वायरी सोडल्या, गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतलं, पॉलिश पेपर मारला, वायरी घट्ट आवळून वरून व्हॅसलिन लावलं. पहिल्याच सेल्फला गाडी चालू झाली. घरी मीटर असेल तर बंद गाडीत चांगली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू झाल्यावर आकडा 14 च्या जवळ जातो. तो वाढलाच नाही, तर बेल्ट आणि अल्टरनेटर तपासा.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही, तेव्हा करंट येत नसतो किंवा पेट्रोल. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमट हवा शिरते. टोपी काढून कोरड्या कापडाने पुसली तरी पुष्कळदा काम होतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पॉइंट जळालेत का आणि चोक अडकलाय का ते पाहा. नंतरच्या इंजेक्शनच्या गाडीत हे दोन्ही शोधू नका. तिथे चेक इंजिनचा दिवा लागला तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या.

गाडी मिसिंग करत असेल तर प्लग पाहा. इंजिन थंड असतानाच काढा, कारण हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि आटे लगेच जातात. बसवताना आधी हातानेच फिरवा. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन समाधानी आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. धुळीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर आधी झटका. ओला, तेलकट काळा थर म्हणजे ऑइल जळतंय. रिंगा किंवा व्हॉल्व्हची सील झिजली असावीत. पांढरा पडलेला, भाजल्यासारखा प्लग म्हणजे इंजिन तापतंय किंवा पेट्रोल कमी पडतंय.

तापण्याचं कारण आपल्याच विहिरीत सापडतं. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं की आत क्षार बसतात. इंजिन सीटखाली, रेडिएटर पुढे, त्यामुळे पाण्याचे पाइपही लांब. कुठला सैल क्लॅम्प पाझरतोय ते शोधा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरा. कल्याणहून माळशेज चढताना काटा वर गेला तर बाजूला थांबा, इंजिन बंद करा आणि थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांपलीकडे गेलेलं असतं, झाकण उघडताच ते उसळून अंगावर येतं.

ब्रेकच्या बाबतीत मात्र घरचे प्रयोग नकोत. पॅडल खाली बसत गेलं किंवा गाडी एका बाजूला ओढू लागली, तर ती जागेवरच ठेवा आणि मिस्त्रीला बोलवा. त्या गाडीत पोरं बसतात.

यंदा पाडव्याला व्हॅनला झेंडूचा हार घालण्याआधी अर्धा तास काढा. तीन प्लग सोडवा, वर्तमानपत्रावर एक, दोन, तीन असे ओळीने मांडा आणि राखेचा रंग नीट पाहा.