चित्र दिसते, पण संवाद ऐकू येत नाहीत

डीव्हीडीची तबकडी बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली असली, तरी महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांच्या कपाटांत ती अजून टिकून आहे. पुण्या-मुंबईहून आणलेली नाटके, घरच्या लग्नमुंजींचे चित्रण, शाळेचे स्नेहसंमेलन हे सारे पुष्कळांकडे तिच्यावरच साठविलेले आहे. संगणकात घातल्यावर पडदा काळाच राहिला, किंवा पात्रे नुसतेच ओठ हलवू लागली, म्हणजे तबकडी बिघडली असे समजून ती टाकून देण्याची घाई होते. पण पुष्कळदा दोष अन्यत्र असतो. तो कोठे शोधावा, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

प्रथम चित्राकडे पाहू. १९९६ साली जपानात विक्रीस आलेल्या या तबकडीच्या एका थरावर ४.७ गिगाबाइट मजकूर मावतो. सीडीवर तो ७०० मेगाबाइटच्या आसपास मावतो. डीव्हीडीवरील खुणा अधिक बारीक असल्यामुळे त्या वाचण्यास ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर लागतो. केवळ सीडीसाठी बनविलेल्या यंत्राला त्या दिसतच नाहीत. शिवाय चित्र 'एमपेग-२' या पद्धतीने संक्षिप्त करून ठेवलेले असते आणि ते उलगडणारी आज्ञावली संगणकात असावी लागते. २०१२ च्या विंडोज ८ पासून ही सोय प्रणालीबरोबर आपोआप मिळेनाशी झाली. व्हीएलसी ही विनामूल्य आज्ञावली घेतली की बहुधा काम भागते. नवा ड्राइव्ह घेण्यापूर्वी एवढे करून पाहावे, असे आमचे मत आहे.

अमेरिकेतील आप्तांनी पाठविलेल्या तबकडीची गोष्ट मात्र निराळी. चित्रपटांच्या डीव्हीडींसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत. अमेरिका पहिल्या विभागात येते, भारत पाचव्या. संगणक विभाग बदलण्याविषयी विचारतो आणि आपण सहज होकार देतो. तेथे सावध राहावे. हा बदल पाचच वेळा करता येतो. त्यानंतर जो विभाग राहील तो त्या ड्राइव्हला कायमचा चिकटतो. घरी चित्रित केलेल्या तबकड्यांना हे बंधन नसते. मात्र ज्या यंत्रावर त्या तयार केल्या, तेथे शेवटची 'फायनलाइज' ही क्रिया राहून गेली असेल, तर त्या दुसऱ्या यंत्रात उघडत नाहीत.

तबकडी मऊ, कोरड्या फडक्याने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी; गोल गोल पुसू नये. मुद्रण वर्तुळाकार मार्गाने असल्यामुळे त्या दिशेचा ओरखडा सलग पुष्कळ मजकूर नष्ट करतो, आडवा ओरखडा थोडाच करतो. घरी मुद्रित केलेल्या तबकडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि तो प्रकाशाने व उष्णतेने क्षीण होत जातो. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे चित्रण आज अडखळत चालत असेल, तर ते आजच संगणकाच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे. पुढच्या दिवाळीस ते उघडेलच असे नाही.

आता ध्वनी. पुष्कळ चित्रपटांच्या डीव्हीडीवर ध्वनीच्या सहा स्वतंत्र वाहिन्या असतात: समोर डावी, उजवी व मधली, मागे दोन, आणि सहावी केवळ खर्जाची. सहावीवर सुमारे १२० हर्ट्झपर्यंतचेच स्वर असतात. म्हणून या रचनेस सहा न म्हणता ५.१ म्हणतात. गंमत अशी की, बहुतेक संवाद मधल्या वाहिनीवर असतात. संगणकास दोनच स्पीकर जोडलेले असून मांडणी मात्र ५.१ ची ठेवलेली असेल, तर मधली वाहिनी रिकाम्या खोबणीकडे जाते. संगीत दणदणते आणि नायक मुका होतो! ध्वनीच्या मांडणीत 'स्टीरिओ' निवडले, म्हणजे संवाद दोन्ही स्पीकरांत मिसळले जातात.

खरोखरच सहा स्पीकर असतील, तर खोबणींचे रंग पाहावेत. हिरवी पुढच्यांची, काळी मागच्यांची, नारिंगी मधल्याची व खर्जाची. तीनच खोबणी असलेल्या संगणकात बहुधा निळी मागच्यांचे व गुलाबी मधल्याचे काम करते, पण आधी ध्वनीच्या आज्ञावलीत तसे ठरवून द्यावे लागते. विंडोजमधील चाचणीत प्रत्येक स्पीकर क्रमाने वाजतो. कोणता गप्प आहे ते लगेच कळते.

ॲम्प्लिफायरकडे प्रकाशतंतूची केबल नेली असेल, तर आणखी एक अडचण येते. तिच्यातून उलगडलेल्या ध्वनीच्या दोनच वाहिन्या जाऊ शकतात. सहाही हव्या असतील, तर ध्वनी संक्षिप्त स्वरूपातच पाठवावा लागतो व ॲम्प्लिफायरने तो उलगडावा लागतो. व्हीएलसीमध्ये तशी निवड आहे. एचडीएमआय केबलला ही मर्यादा नाही.

इतके करूनही मागचे स्पीकर गप्पच राहिले, तर तबकडीच्या सूचीत ध्वनीचा प्रकार पाहावा. जुन्या नाटकांचे मुद्रण बहुधा दोनच वाहिन्यांचे असते. तेथे मागून आवाज न येणे हा दोष नव्हे.