वाशीमपर्यंत पोहोचलेले दान

उद्योगातून उभी राहिलेली संपत्ती वारसांत वाटून न टाकता न्यासाच्या नावे कायमची बांधून ठेवायची आणि मूळ निधीला धक्का न लावता त्याच्या उत्पन्नातून लोकोपयोगी कामांना अनुदाने द्यायची, या व्यवस्थेला कौटुंबिक न्यास म्हणतात. जमशेटजी टाटांचे धाकटे पुत्र सर रतन टाटा 1918 मध्ये निपुत्रिक वारले आणि त्यांच्या मृत्युपत्रानुसार पुढच्याच वर्षी सर रतन टाटा ट्रस्ट स्थापन झाला, हे त्याचे आपल्याकडील ठळक उदाहरण. अमेरिकेत पॅकार्ड कुटुंबाने 1964 मध्ये स्थापन केलेल्या फाउंडेशनसारखे काही न्यास हवामानबदल आणि प्रजनन आरोग्य या दोन्ही कामांना अनुदाने देतात. मूल कधी व्हावे, व्हावे की नाही, हे स्त्रीला ठरवता येणे, बाळंतपण सुखरूप होणे आणि गर्भाशयाच्या दुखण्यांवर वेळेत उपचार मिळणे, एवढे सगळे प्रजनन आरोग्यात येते.

हे दोन विषय एकत्र आणण्यामागचा जुना विचार मात्र सदोष होता. जॉन रॉकफेलर तिसरे यांनी 1952 मध्ये पॉप्युलेशन कौन्सिल स्थापन केली तेव्हापासून पुढची काही दशके श्रीमंत देशांतील अनेक न्यासांचा भर गरीब देशांची लोकसंख्या रोखण्यावर राहिला, आणि त्या काळच्या संख्याकेंद्री दृष्टीचे टोक आपल्याकडे आणीबाणीत गाठले गेले. 1976 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले, परंतु त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही. 1994 च्या कैरो येथील लोकसंख्या व विकासविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेने संख्येऐवजी स्त्रीचे आरोग्य आणि तिचा निर्णय यांना मध्यवर्ती स्थान दिले. तरीही ‘लोक कमी तर प्रदूषण कमी’ हा युक्तिवाद अधूनमधून डोके वर काढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील एकूण जननदर 1.7, म्हणजे लोकसंख्या स्थिर ठेवण्यासाठी लागणाऱ्या 2.1 पेक्षा कमी आहे, आणि हवेत कर्बवायू सोडण्यात विदर्भातील वाशीमच्या शेतमजूर स्त्रीचा वाटा नगण्य आहे. तेव्हा तिच्या गर्भाशयात हवामानबदलाचे उत्तर शोधणे हा तिच्यावर अन्याय आहे. हवामानबदलाचा भार तिच्या शरीरावर पडतो, आणि दोन्ही विषय एकत्र हाताळायचे ते यासाठी.

अकोल्यातून 1 जुलै 1998 रोजी वेगळा झालेला वाशीम जिल्हा पाण्याच्या वाटणीवर वसला आहे: काटेपूर्णेचे पाणी पूर्णेमार्गे तापीला जाते, तर पैनगंगा आणि अडाण यांचे गोदावरीच्या खोऱ्यात. पडलेला पाऊस दोन्ही बाजूंना वाहून जातो आणि शेती बहुतांशी कोरडवाहू सोयाबीन-तुरीची. ऐन शेंगा भरताना पावसाने खंड दिला किंवा सोंगणीच्या वेळी तो कोसळला, की हंगाम जातो. निंदण-सोंगणीची मजुरी बुडाली की घरात पहिली काटकसर बाईच्या ताटात होते. पाणवठा आटला की तिची पायपीट वाढते. आणि गर्भारपणात तीव्र उष्णता सोसावी लागली तर अपुऱ्या दिवसांची प्रसूती होण्याचा धोका वाढतो, असे जगभरच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. कोरडवाहू शेती आणि गर्भाशय यांचा संबंध किती जवळचा असू शकतो, हे कोरडवाहू शेतीवर न भागल्याने ऊसतोडीला जावे लागणाऱ्या बीडच्या बायांनी दाखवले: 2019 मध्ये शासकीय समितीपुढे आलेल्या पाहणीत 82 हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढून टाकलेले आढळले.

न्यासाचा पैसा वाशीमला आला तो शेतकरी आत्महत्यांच्या निमित्ताने. पश्चिम विदर्भातील अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ व वाशीम आणि त्यांच्या जोडीला वर्धा अशा सहा जिल्ह्यांसाठी 2006 मध्ये पंतप्रधानांनी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यानंतर सर रतन टाटा ट्रस्टने याच जिल्ह्यांत ‘सुखी बळीराजा’ उपक्रम हाती घेतला आणि ‘आयफाड’ या संयुक्त राष्ट्रांच्या कृषी विकास निधीच्या कर्जातून 2009 मध्ये मंजूर झालेल्या ‘केम’ प्रकल्पात, म्हणजे कृषी समृद्धी प्रकल्पात, राज्य शासनाबरोबर आर्थिक वाटाही उचलला. कमी खर्चाची शेती, शेतातच माती-पाणी अडवणे आणि महिला बचत गट ही या कामाची अंगे होती. पुढे 2018 पासून जागतिक बँकेच्या कर्जातून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही वाशीम आले आणि रुंद वरंबा-सरीच्या पेरणीला बळ मिळाले. या पेरणीच्या, म्हणजे बीबीएफ, यंत्राने पेरताना काही ओळींचा रुंद वरंबा आणि त्याच्या दोन्ही कडांना सरी पडते. पावसाने ओढ दिली तर सरीत मुरलेले पाणी पिकाला पुरते आणि अतिवृष्टी झाली तर तीच सरी पाणी बाहेर काढते.

बचत गटाच्या बैठकीला येणारी आणि या वरंब्यावर राबणारी स्त्री एकच असली, तरी शेतीच्या अनुदानात तिच्या आजाराला सहसा खाते नसते आणि आरोग्याच्या अनुदानात तिच्या शेताला नसते. हे खाते उघडण्याचे धाडस शासनापेक्षा न्यासाला सोपे आहे, कारण त्याला प्रयोग फसण्याची मुभा असते. याचे उदाहरण गडचिरोलीचे. तिथे डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी करून, त्यांपैकी 92 टक्के जणींना स्त्रीरोग असल्याचे 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. पुढे मॅकआर्थर फाउंडेशन या अमेरिकी न्यासाच्या आणि फोर्ड फाउंडेशनच्या अर्थसाह्याने याच संस्थेने 39 गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला आणि नवजात मृत्युदर हजारी 62 वरून सुमारे 26 वर आला. 2011 मध्ये ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रम झाली. आज दवाखान्यात बाळंत झालेल्या मातेच्या घरी आशा कार्यकर्ती 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जाते, ती याच प्रयोगाच्या आधारावर.

असा पैसा आज वाशीमला मिळणे अवघड झाले आहे. नफ्याच्या दोन टक्के सामाजिक खर्चाचे बंधन घालणारा 2013 चा कंपनी कायदा आपल्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो आणि वाशीममध्ये मोठे कारखाने फारसे नाहीत. विदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेला मिळालेली विदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळती करण्यावर बंदी घातली, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेमार्फत वाशीम जिल्ह्यातील कारंजा-मानोऱ्याच्या लहान संस्थेपर्यंत अशी रक्कम येण्याची वाट बंद झाली. देशी न्यासांना ही अडचण नाही. आशाच्या या सहा भेटींना उष्णतेची, पाण्याच्या पायपिटीची आणि रक्तक्षयाची चौकशी जोडून पाहायची, तर गडचिरोलीप्रमाणेच आधी पाहणी, मग काही गावांत प्रयोग आणि शेजारच्या गावांशी तुलना करावी लागेल, आणि त्या कामाला दोन वर्षांचे अनुदान पुरणार नाही.